वजन उतरवणे ही लागण, वजन टिकवणे हा खोडवा



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, माती परीक्षण, हुमणीचा बंदोबस्त असे विषय मांडतो. या खेपेला विषय निराळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने माणसाच्या वजनावर लिहावे, आणि तेही साखर कारखान्याच्या पत्रकात, याचे काहींना नवल वाटेल. मी डॉक्टर नाही, कृषी पदविका घेतलेला माणूस आहे. पण या विषयात मी एकदा पीक बुडवले आहे आणि दुसऱ्या खेपेला पदरात पाडून घेतले आहे. तेवढ्या अनुभवावर लिहितो.

२०२२ च्या पावसाळ्यात हुमणीच्या पाहणीसाठी एका सभासदांच्या मळ्यात गेलो होतो. गृहस्थ सत्तरीच्या घरातले. ते सरीतून पुढे आणि मी मागे. दुसऱ्याच पट्ट्यात मला धाप लागली. त्यांनी मागे वळून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही बसा जरा बांधावर. मी बघून येतो आणि सांगतो." ते चांगुलपणाने बोलले, पण मला ते लागले. पाहणी करायला मी गेलो होतो आणि पाहणी केली त्यांनी!

त्याच वर्षी कारखान्यावर आरोग्य शिबिर झाले. माझे वजन ८७ किलो, पोटाचा घेर १०२ सेंटिमीटर आणि रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ६.२ निघाली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझ्या वडिलांना मधुमेह होता. पायाची जखम चिघळली आणि त्यांची शेवटची चार वर्षे खाटेवर गेली. तो कागद हातात घेतल्यावर मला तेच दिसू लागले.

वजन वाढले कशाने?

आपले वडील-आजोबा आपल्यापेक्षा कमी खात नव्हते. पण त्यांच्या दिवसाचा खर्च मोठा होता. औत, मोट, वैरणीचे भारे, रात्री कंदील घेऊन पाणी धरणे, बाजाराला चालत जाणे. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, ठिबकची चावी फिरवली की पाणी सुरू होते, मोटर तर मोबाइलवरून चालू करता येते आणि मळ्यात जायचे झाले तर मोटारसायकल थेट बांधापर्यंत जाते. कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले. पण ताट मात्र तेच राहिले, वर चहा, फरसाण, बिस्किटे आणि हॉटेलचे खाणे वाढले. आवक वाढली आणि खर्च घटला, की शिल्लक साठते. सोसायटीच्या वहीत ती शिल्लक बरी दिसते. पोटावर साठली की जड होते.

हे दुखणे एकट्यादुकट्याचे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात १० कोटींवर मधुमेही आणि साडेतेरा कोटींवर माणसे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत, असा त्यातला अंदाज आहे. वीस वर्षांवरील शंभरातील सुमारे चाळीस जणांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आढळला.

आधी मोजमाप

माती तपासल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नये, हे मी नेहमी सांगतो. इथेही तोच नियम आहे. दोन मापे घ्यावीत.

एक, उंची आणि वजन. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागावे. येणाऱ्या आकड्याला बीएमआय म्हणतात. आपल्या लोकांसाठी २३ च्या वर गेला तर वजन जास्त आणि २५ च्या वर गेला तर स्थूलपणा धरतात. पाच फूट सहा इंच, म्हणजे १६८ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला ही हद्द अनुक्रमे ६५ आणि ७० किलोच्या आसपास येते.

दोन, पोटाचा घेर. श्वास सोडून, पोट आत न ओढता टेप लावावी. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा.

दुसरे माप कशाला, असे कोणी विचारील. कारखान्याच्या काट्यावर उसाचे टनेज कळते, उतारा कळत नाही. तो कळायला रस तपासावा लागतो. शरीराचेही तसेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचा, असा आपल्याकडचा बांधा असतो. म्हणून "मी कुठं जाड आहे?" असे म्हणणाऱ्यानेही एकदा टेप लावून पाहावी.

माझी पहिली चूक

शिबिरानंतर मी घाबरून एकदम सगळे सोडले. भाकरी बंद, भात बंद. काकडी, ताक आणि एखादे फळ. तीन आठवड्यांत पाच किलो उतरले. लोक म्हणाले, "साहेब, वाळलात की!" मी खूश. पण डोके दुखायचे, चिडचिड व्हायची आणि मळ्यात उभे राहवत नव्हते. पुढे एक लग्न आले, मग पाहुणे आले आणि भूक जी उसळली ती आवरेना. तीन महिन्यांत पाचाचे सहा किलो परत आले.

याचे कारण पुढे वाचनात आले. एकदम उपाशी राहिले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. शरीराला वाटते दुष्काळ पडला, सबब ते खर्च आटोपते घेते आणि भूक वाढवते. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे ५० जाड माणसांना दहा आठवडे फार कमी खायला देऊन त्यांचे वजन उतरवले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की वर्ष उलटल्यावरही त्यांच्या रक्तातील भूक चेतवणारी द्रव्ये वाढलेलीच होती. म्हणजे वजन परत येते ते केवळ माणूस लबाड किंवा खादाड असतो म्हणून नव्हे. शरीरच ते परत मागत असते. हे कळले आणि माझ्या मनावरचे ओझे निम्मे उतरले.

दुसरी लागण : काय केले

जून २०२३ पासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी उद्दिष्ट लहान ठेवले. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक उंबरठ्यावरच्या माणसांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. वजन सात टक्के उतरवायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखी हालचाल करायची, एवढ्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. गोळी घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनीच घटले. माझ्या वजनाचे सात टक्के म्हणजे सहा किलो. सहा किलो म्हणजे डोंगर नव्हे. आठवड्याला जास्तीत जास्त अर्धा किलो, आणि महिन्याला एखादा किलो उतरला तरी पुष्कळ, असे धरून चाललो.

१) चहा व साखर. इथे मला उघड बोलले पाहिजे. माझे काम घरोघरी फिरण्याचे. दिवसाला दहा कप चहा ठरलेला. कपाला दोन चमचे धरले तर वीस चमचे, म्हणजे १०० ग्रॅम साखर. एक ग्रॅम साखरेतून चार कॅलरी ऊर्जा मिळते, तेव्हा या झाल्या ४०० कॅलरी. जवळपास दोन भाकरींचे बळ, आणि पोटाला पत्ताही नाही! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घातलेली मर्यादा दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आहे. जमल्यास २५ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे. गूळ, काकवी, मध हे सगळे त्यातच धरायचे. "साखर नको, गूळ चालतो" ही आपली समजूत खरी नाही. वजनाच्या हिशेबात दोन्ही जवळजवळ सारखेच.

उसाच्या रसाचे तर मी हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर रोज बघतो. ब्रिक्स १८ च्या आसपास असलेल्या रसाचा बर्फ न घातलेला २०० मिलिलिटरचा पेला घेतला, तर त्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. म्हणजे सात चमचे. रस वाईट नाही, पण तो तहानेसाठी पिण्याचा नव्हे.

"कारखान्याचा माणूस साखर कमी खा म्हणतो, मग आपल्या उसाचे काय?" असे एका सभासदांनी मला तोंडावर विचारले. त्यांना मी जे सांगितले तेच इथे लिहितो. साखरेचा मोठा वाटा मिठाई, बिस्किटे व शीतपेये करणाऱ्यांकडे जातो. आता उसापासून इथेनॉलही होते. तुमच्या-माझ्या चहातला चमचा कमी झाल्याने गव्हाण रिकामी राहणार नाही. पण ऊस पिकवणारा हातच दुखण्याला लागला तर ऊस लावणार कोण? सवलतीची सभासद साखर पोत्याने घरात आली, की ती संपवलीच पाहिजे असे नाही.

२) ताट. काही बंद केले नाही, जागा बदलल्या. निम्म्या ताटात भाजी, कोशिंबीर, कांदा, काकडी, मुळा. पाव भागात भाकरी किंवा भात. पाव भागात वरण, उसळ, पिठले, अंडी किंवा मासे. कडधान्याने पोट भरलेले राहते आणि स्नायू झिजत नाहीत. आधी भाजी-उसळ खायची, भाकरी मागून. मी तीनच्या दोन भाकऱ्या केल्या. ज्वारीची भाकरी, मेथी आणि ताक हे आपले जुने जेवण यासाठी उत्तम आहे. त्याला बाहेरचे महागडे पदार्थ लागत नाहीत.

३) तेल. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी, म्हणजे साखरेच्या दुपटीहून जास्त. कट दिसला पाहिजे ही आपली हौस महागात पडते. पाच माणसांच्या घरात महिन्याला तीन किलोच्या आसपास तेल पुरवता आले पाहिजे. घरच्या बाईने डब्यावर तारीख घातली की हिशेब कळतो.

४) उपवास. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा हा निव्वळ पिष्ट, त्यात शेंगदाण्याचे कूट आणि तूप. त्या दिवशी फळ, ताक, भगरीची लहान वाटी यावर भागवावे.

५) चालणे. "आम्ही शेतकरी, आम्हाला व्यायाम कशाला?" असे म्हणणाऱ्यांनी आठवड्यात खरोखर किती चाललो हे प्रामाणिकपणे आठवावे. चौकोनी एकराच्या बांधावरून एक फेरी म्हणजे सुमारे २५५ मीटर. चार फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, अशा चालीने दहा-बारा फेऱ्या रोज घालाव्यात. अर्धा तास पुरतो. पिकाची पाहणीही होते. मी मोटारसायकल मळ्याच्या तोंडाशी लावू लागलो आणि आतले सगळे चालत करू लागलो. मात्र चालल्यावर वडापाव खाल्ला, तर अर्ध्या तासाची मजुरी त्यात जाऊन वर उसनवारी होते, हे ध्यानात ठेवावे. आठवड्यातून दोन दिवस उठाबशा, जोर किंवा घमेले उचलण्यासारखे ताकदीचे काम करावे.

६) झोप. रात्रपाळीच्या विजेमुळे पाणी धरायला जागावे लागते, त्या आठवड्यात भूक वाढते, हे अनेकांच्या अनुभवाचे आहे. झोप मोडली की गोड-तळलेल्याकडे मन धावते. त्या दिवसांत दुपारी थोडी झोप घ्यावी, आणि रात्री मळ्यात फरसाणाऐवजी भाजलेले चणे न्यावेत.

भगिनींना एक वेगळे सांगणे. उरलेले टाकवत नाही म्हणून शेवटी आपण पातेली पुसून खाता. अन्न टाकू नये हे खरेच. पण त्याला उपाय म्हणजे मोजके रांधणे. आपले पोट ही काही कणगी नव्हे.

खोडवा : वजन टिकवणे

डिसेंबर २०२४ पर्यंत माझे वजन ७९ वर आले. दीड वर्षात आठ किलो. घेर १०२ चा ९३ झाला, साखरेची सरासरी ५.६ आली. पुस्तकी मापाने मी अजून जाडच आहे, हे लपवत नाही. पण मळ्यात आता कोणी मला बांधावर बसवत नाही.

खरे काम यापुढचे. लागणीचा ऊस तुटला की आपण निश्चिंत होतो. खोडव्याकडे दुर्लक्ष करतो. पाचट पेटवतो, बुडखे छाटत नाही, नांग्या भरत नाही, आणि मग "खोडवा पडला" म्हणून रडतो. वजनाचेही अगदी असेच होते. उतरले की नियम सुटतात. माझ्या खोडव्याचे नियम असे :

— दर सोमवारी सकाळी, चहाआधी वजन करून वहीत लिहायचे. अमेरिकेत १९९४ पासून, वजन उतरवून टिकवलेल्या माणसांची एक नोंदवही ठेवली जाते. त्यातील बहुसंख्य माणसे आठवड्याला निदान एकदा वजन करतात, सकाळची न्याहारी चुकवत नाहीत आणि रोज तासभर चालण्यासारखी हालचाल करतात, असे आढळले आहे.

— दोन किलो वाढले की तो इशारा. त्याच आठवड्यात पुन्हा लागणीचे नियम सुरू करायचे. रोग पट्ट्यात असतानाच धरावा, शेतभर पसरल्यावर नव्हे.

— हलक्या झालेल्या शरीराला चारा कमी लागतो. ८७ किलोच्या माणसाचे ताट ७९ किलोच्या माणसाला चालणार नाही. हा बदल कायमचा आहे, चार महिन्यांचा नाही.

— दिवाळी, जत्रा, लग्न यांत खावे. एका दिवसाने वजन वाढत नाही. फराळाचे डबे पंधरा दिवस पुरतात, त्याने वाढते. सणाच्या दुसऱ्या दिवशी गाडी रुळावर आली पाहिजे.

— एखादा आठवडा बिघडला तर सगळे सोडून देऊ नये. चार नांग्या पडल्या म्हणून कोणी प्लॉट मोडत नाही. त्या भरून घेतो.

सावधगिरी

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू आहे, ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. नाहीतर साखर एकदम उतरून चक्कर येण्याचा धोका असतो. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी वजन उतरवण्याच्या मागे लागू नये. काही न करता वजन उतरत असेल तर आनंद मानू नये. क्षयरोग किंवा मधुमेहही असू शकतो, तपासून घ्यावे. महिन्यात दहा किलो उतरवणारी चूर्णे, पट्टे आणि पावडरी यांच्या जाहिरातींना फसू नये. वजन उतरवणारी नवी इंजेक्शने २०२५ पासून आपल्याकडे वाढू लागली आहेत. काही रुग्णांना ती उपयोगी पडतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची आणि ती थांबवल्यावर वजन बहुधा परत चढते. म्हणजे खोडव्याचे काम तिथेही चुकत नाही.

एक विनंती

आपल्या गट कार्यालयात साधा वजनकाटा आणि टेप ठेवली आहे. ऊस नोंदीला याल तेव्हा दोन मिनिटे काढून मापे घ्या. वही तुमची तुमच्याजवळच राहील, कोणी विचारणार नाही.

आणि दुसरी विनंती माझ्यासाठी. मी घरी आलो आणि चहा नको म्हणालो, तर तुम्हाला वाईट वाटते हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे चहा नाकारणे म्हणजे माणूस नाकारणे. म्हणून मी नाही म्हणणार नाही. फक्त अर्धा कप द्या आणि बिनसाखरेचा द्या. ज्यांच्या बांधावर मी त्या दिवशी बसलो होतो, ते गृहस्थ आता मी दिसलो की आतल्या घरात हाक देतात, "साहेबांचा कोरा टाका गं! आणि माझापण त्यातच टाका."

एवढे लिहून रजा घेतो. पुढील अंकी खोडव्यातील पाचट व्यवस्थापन, म्हणजे नेहमीचा विषय.

आपला,
ऊस विकास अधिकारी